जेंताकापासून अवरक्त पेटीपर्यंत

घाम काढून शरीर हलके करण्याचा उपाय मनुष्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. त्यात नवल नाही. नवल वाटते ते याचे, की हा जुनाच उपाय प्रत्येक युगात त्या युगातील सर्वांत नव्या विद्येचे नाव धारण करून पुन्हा अवतरतो. कधी तो औषधी वाफेच्या नावाने आला, कधी विजेच्या प्रकाशाच्या नावाने. आणि गेल्या काही दशकांत त्याने 'इन्फ्रारेड', म्हणजे अवरक्त किरणांचे, नाव घेतले आहे. मोठ्या शहरांतील आरोग्यकेंद्रांत 'इन्फ्रारेड सॉना' या नावाची, आत दोन माणसे जेमतेम बसतील अशी लाकडी खोली आता अपरिचित राहिलेली नाही. परदेशी स्थायिक झालेली मुले आईवडिलांच्या सांधेदुखीवर उतारा म्हणून ती घरीही आणवून देतात. या पेटीची वंशावळ वाचकांसमोर मांडावी, असा आमचा मानस आहे. आयुष्य सरकारी दप्तरात गेल्यामुळे पुढ्यात आलेल्या कागदामागचे जुने कागद पाहिल्याशिवाय आम्हांस चैन पडत नाही, हेही एक कारण.

वंशावळीतील नव्या नावापासून आरंभ करू. अवरक्त किरणांचा शोध १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लावला. हर्शेल मूळचे जर्मनीतील हॅनोव्हरचे, पेशाने वादक. इंग्लंडातील बाथ या गावी ते प्रार्थनामंदिरात ऑर्गन वाजवून चरितार्थ चालवीत आणि रात्री दुर्बिणीतून आकाश पाहत. तेथूनच १७८१ साली त्यांना युरेनस हा ग्रह सापडला. बाथ हे गाव रोमन लोकांच्या काळापासून उष्णोदकाच्या झऱ्यांसाठी आणि स्नानगृहांसाठी प्रसिद्ध आहे, हा योगायोग मोठा गमतीचा. पुढे ते विंडसरजवळ राहावयास गेले. रंगीत काचा लावून सूर्याचे निरीक्षण करीत असता त्यांच्या ध्यानात आले, की काही काचांतून उजेड थोडा येतो पण डोळ्याला धग अधिक लागते आणि काहींच्या बाबतीत नेमके उलट घडते. तेव्हा त्यांनी लोलकातून सूर्यकिरण पाडून प्रत्येक रंगात काळा केलेला तापमापक ठेवून पाहिला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जावे तसा पारा अधिक चढू लागला. तांबड्याच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथे तर तो सर्वांत अधिक चढला. दिसत नाही पण तापवतो, असा किरण आहे हे सिद्ध झाले.

येथे एक गोष्ट मनात पक्की करून ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा घोटाळा तिच्याच विस्मरणातून होतो. अवरक्त किरण ही कोणत्याही यंत्राची मिरास नव्हे. तापलेला तवा, उन्हात भाजलेली वीट, हिवाळ्यात खोलीत लावलेला हीटर, चुलीमागची भिंत, इतकेच काय पण आपले स्वतःचे शरीर, हे सर्व अहोरात्र अवरक्त किरण बाहेर टाकीत असतात. भूमीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेचा सुमारे अर्धा भाग याच किरणांचा असतो. आपल्या घरांतून बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवीत, ओव्याची धुरी देत आणि बाळाला हाताचे तळवे तापवून शेकीत. त्या शेगडीतून वर येणारी ऊब बहुतांशी याच जातीची होती. आमच्या आजीला तिचे हे इंग्रजी नाव ठाऊक नव्हते, पण शेगडी किती वेळ ठेवावयाची आणि केव्हा काढावयाची, हे पक्के ठाऊक होते.

हे 'किती' आणि 'केव्हा' आपल्याकडे शास्त्र म्हणून कोठे लिहिले गेले, ते पाहावयाचे तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय, म्हणजे स्वेदाध्याय, उघडावा लागतो. त्यात अग्नीच्या साहाय्याने करावयाच्या स्वेदनाचे तेरा प्रकार सांगितले आहेत: संकर, प्रस्तर, नाडी, परिषेक, अवगाहन, जेंताक, अश्मघन, कर्षू, कुटी, भू, कुंभी, कूप आणि होलाक. पुरचुंडीने शेकणे हा संकर. नळीने वाफ देणे हा नाडी. ऊन काढ्यात बसविणे हा अवगाहन. याखेरीज अग्नीवाचून घाम आणणाऱ्या दहा गोष्टी दिल्या आहेत. त्यांत व्यायाम, जाड पांघरूण, भूक आणि ऊन यांच्याबरोबर भय व क्रोध यांचीही गणना आहे. लेखापरीक्षणाच्या दिवसांत या शेवटच्या दोन प्रकारांचा आम्हांस भरपूर अनुभव आला, पण त्याने सांधे मोकळे झाल्याचे स्मरत नाही. असो.

तेरांपैकी जेंताक हा प्रकार आजच्या सॉनाचा सख्खा पूर्वज शोभावा असा आहे. ग्रंथकाराने तो एखाद्या बांधकाम खात्याच्या अभियंत्याच्या काटेकोरपणे सांगितला आहे. गावाच्या पूर्वेस किंवा उत्तरेस उत्तम माती असलेली जागा निवडावी. जवळ तळे असावे, त्याला चांगला घाट असावा, आणि त्याच्या दक्षिण वा पश्चिम काठावर, पाण्यापासून सात-आठ अरत्नी अंतर सोडून, पूर्वाभिमुख किंवा उत्तराभिमुख गोलाकार घर बांधावे. अरत्नी म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे माप. या घराची उंची आणि व्यास फार तर सोळा अरत्नी, म्हणजे आजच्या मापाने साधारण सात मीटर. भिंती मातीने लिंपलेल्या, खिडक्या पुष्कळ. आतून भिंतीला लागून सर्वत्र, दारापर्यंत, एक अरत्नी रुंद आणि तितकाच उंच ओटा. त्याला पिंडिका म्हटले आहे. मध्यभागी पुरुषभर उंचीचा, मातीचा, बारीक बारीक छिद्रे असलेला आणि झाकणाचा अंगारकोष्ठ. त्यात खैराची किंवा अश्वकर्णाची लाकडे पेटवावयाची. लाकडे नीट जळून धूर पुरता निघून गेला आणि घर योग्य तेवढे तापले, म्हणजेच रोग्याला आत न्यावयाचे, तेही अंगाला तेल किंवा तूप लावून आणि वस्त्र पांघरवून.

धूर निघून गेल्यावर, हा तपशील वाचकांनी लक्षात घ्यावा. ज्वाळा संपलेली आहे, मातीचा कोष्ठ तापलेला आहे, आणि भोवतालच्या ओट्यावर पडलेल्या माणसाला उष्णता पोहोचते ती काही तापलेल्या हवेतून आणि बरीचशी त्या कोष्ठाच्या अंगातून सरळ निघणाऱ्या किरणांतून. पेटीच्या जाहिरातीत जे तंत्र म्हणून सांगितले जाते, ते मातीत आणि निखाऱ्यात पूर्वीच होते.

परंतु स्वेदाध्यायाचे खरे मोल भट्टीच्या रचनेत नसून रोग्याला दिलेल्या सूचनांत आहे, असे आमचे मत आहे. आत जाणाऱ्याला वैद्य बजावतो, की ओट्यावर चढून या कुशीवर, त्या कुशीवर, जसे सुखाचे वाटेल तसा पड. पण घामाने मूर्च्छा येऊ लागली तरी प्राण असेपर्यंत ओटा सोडू नकोस. प्रथम वाचताना हे क्रौर्य वाटते. कारण वाचले म्हणजे त्यातील शहाणपण कळते. ओटा सोडून मध्येच उतरलास तर दार न सापडता भोवळीने प्राण गमावशील, असे तो सांगतो. ओटा भिंतीला लागून दारापर्यंत गेलेला आहे; त्याचा आधार धरून सरकत गेले तर अंधारी आलेला मनुष्यही दाराशी पोहोचतो. बाहेर आल्यावर डोळ्यांच्या रक्षणासाठी एकदम थंड पाणी घ्यावयाचे नाही. मुहूर्तभर, म्हणजे सुमारे पाऊण तास, थांबून उष्णता व शीण उतरल्यावर कोमट पाण्याने स्नान करावयाचे आणि मग जेवावयाचे.

याच अध्यायात स्वेदन चालू असता डोळ्यांवर स्वच्छ फडके, गव्हाच्या कणकेचा गोळा किंवा कमळाची पाने ठेवावयास सांगितले आहे. हृदयाच्या जागी थंड मोत्यांच्या माळा, गार भांडी, पाण्याने ओली कमळे किंवा ओले हात लावावयास सांगितले आहे. म्हणजे घाम गाळणाऱ्या माणसाशेजारी दुसरा मनुष्य आहे आणि त्याचा ओला हात पहिल्याच्या छातीवर आहे. थंडी आणि ठणका गेला, जडपणा व ताठरपणा ओसरला, अंग मऊ होऊन घाम सुटला, की थांबावयाचे. त्यापुढे गेल्यास तहान, दाह, मूर्च्छा आणि गात्रे गळणे ही अतिस्वेदनाची लक्षणे होत. आणि कोणाला स्वेदन देऊ नये, त्याची यादी तर लांबलचक आहे. गर्भिणी, नित्य मद्य पिणारा, रक्तपित्ताचा रोगी, अतिसार झालेला, मधुमेही, थकलेला, तहानलेला, भुकेलेला, रागावलेला, शोकाकुल, दुर्बल, हे सर्व त्या यादीत आहेत.

पुढील शतकांचा प्रवास आम्ही झरझर उरकणार आहोत, कारण त्यात वैभव फार पण नवी गोष्ट थोडी. रोमन स्नानगृहांतून पश्चिम आशियात आणि तेथून मोगलांबरोबर आपल्याकडे हमाम आला. आमच्या माळवा-निमाडच्या वाचकांना त्यासाठी आग्र्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील हमाम अद्याप उभा आहे आणि त्याच्या छतावरील रंगकाम आजही ओळखू येते. ज्या बुऱ्हाणपुरात १६३१ साली मुमताजमहल निवर्तली तेच हे गाव. सेवेत असताना आम्ही तेथे गेलो तेव्हा बुऱ्हाणपूर खंडवा जिल्ह्यातील तहसील होते. स्वतंत्र जिल्हा ते २००३ साली झाले. छताची नक्षी पाहणारे पुष्कळ भेटले. पाणी कोठून येई आणि ते तापवीत कसे, असे विचारणारा एखादाच.

याच परंपरेचा एक धागा आपल्या देशातून इंग्लंडला गेला, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. १७५९ साली पाटण्यात जन्मलेले दीन महंमद हे कंपनीच्या फौजेबरोबर हिंडून पुढे आयर्लंडात आणि मग इंग्लंडात स्थायिक झाले. ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी औषधी वाफेचे आणि मर्दनाचे स्नानगृह चालविले, १८२२ साली त्यावर पुस्तक लिहिले आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांचे ते मर्दनतज्ज्ञ झाले. आपली 'चंपी' इंग्रजीत 'शांपू' होऊन बसली तिच्या प्रसारात या गृहस्थांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या स्नानगृहात वाफेचे औषध महत्त्वाचे की चंपी करणाराचे हात, याचा निवाडा आम्ही करीत नाही.

आता विजेचे युग. अमेरिकेतील मिशिगन राज्यात बॅटल क्रीक येथे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांचे विख्यात आरोग्यधाम होते. सकाळच्या न्याहारीतील कॉर्नफ्लेक्सच्या निमित्ताने हे आडनाव आपल्या घरांत पोहोचलेच आहे. विजेचे दिवे नवे होते तेव्हा, १८९० च्या दशकाच्या आरंभी, केलॉग यांनी आतून ओळीने दिवे लावलेली पेटी तयार केली. रोगी आत बसे, डोके तेवढे बाहेर राही, आणि दिव्यांच्या धगीने त्याला घाम सुटे. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ही पेटी लोकांनी पाहिली. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचे व्याख्यान झाले. प्रकाशस्नानाची लाट युरोपात गेली. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरही तुर्की हमामाच्या सोबतीला असे विद्युत्स्नान ठेवले होते.

नाव 'प्रकाशस्नान', पण काम कोणाचे? तारेच्या जुन्या दिव्यात शिरलेल्या विजेपैकी फारच थोडा अंश दृश्य प्रकाश होतो. नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णता म्हणून, मुख्यतः अवरक्त किरणांच्या रूपाने, बाहेर पडतो. म्हणजे केलॉग यांची पेटी हीच पहिली अवरक्त पेटी होती. फरक इतकाच, की त्या काळी दिवा नवलाचा होता म्हणून महिमा प्रकाशाचा गायला गेला. १९०३ साली नील्स फिन्सेन यांना प्रकाशोपचारासाठी नोबेल पारितोषिक मिळाले, त्यानेही प्रकाशाची प्रतिष्ठा वाढली; वास्तविक फिन्सेन यांचे कार्य त्वचेच्या क्षयावर आणि तेही वर्णपटाच्या अगदी दुसऱ्या टोकाच्या, जंबुपार किरणांचे. एका किरणाची पुण्याई दुसऱ्याच्या खाती जमा होण्याचा हा प्रकार पुढेही चालू राहिला.

त्याचे आजचे उदाहरण फिनलंडचे. तेथे सुमारे ५५ लाख लोकसंख्येला ३० लाखांच्या आसपास सॉना आहेत आणि त्या संस्कृतीला २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तापलेल्या दगडांवर पाणी शिंपडून उठणाऱ्या वाफेत बसणे, हे तिचे मर्म. पूर्व फिनलंडातील २३१५ मध्यमवयीन पुरुषांना सुमारे वीस वर्षे नजरेखाली ठेवून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अकस्मात मरण येण्याचे प्रमाण, एकदाच घेणाऱ्यांच्या मानाने, बरेच कमी आढळले. अभ्यास मोलाचा आहे. परंतु तो निरीक्षणाचा आहे. रोज सॉना घेऊ शकणारा मनुष्य मुळातच अधिक धडधाकट असण्याचा संभव त्यात उरतोच. शिवाय तो सुमारे ८० अंश सेल्सियस तापमानाच्या परंपरागत सॉनाचा आहे. अवरक्त पेटीतील हवा साधारण ४५ ते ६० अंशांची. तरीही पेटीच्या पत्रकावर फिनलंडचे आकडे छापलेले आम्ही स्वतः पाहिले आहेत, आणि त्यांच्या शेजारी चरकाचार्यांचे चित्रही.

मग अवरक्त पेटीच्या स्वतःच्या नावावर काही जमा आहे की नाही? आहे, आणि ते जपानात. कागोशिमा येथील हृदयरोगतज्ज्ञ चुवा तेई यांनी १९८९ पासून दुर्बल हृदयाच्या रोग्यांवर मंद उष्णतेचा प्रयोग सुरू केला. त्या काळी अशा रोग्याला गरम पाण्याच्या स्नानापासूनही जपावे, असा वैद्यकाचा सर्वसाधारण कल होता. तेई यांचा विचार असा, की सौम्य उष्णतेने त्वचेतील व अंगातील रक्तवाहिन्या सैलावल्या तर हृदयापुढचा भार कमी होईल. त्यांनी ठरविलेली पद्धत अशी आहे: ६० अंश सेल्सियसची कोरडी अवरक्त खोली, पंधरा मिनिटे. तेवढ्यात शरीराच्या आतील तापमान साधारण एक अंशाने वाढते. मग बाहेर येऊन ब्लँकेटमध्ये गुंडाळून तीस मिनिटे आडवे पडावयाचे. आधी व नंतर वजन करावयाचे आणि जेवढे वजन घामाने घटले तेवढे पाणी प्यावयास द्यावयाचे. या पद्धतीला त्यांनी 'वाओन', म्हणजे निववणारी ऊब, असे नाव दिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, जपानमधील अनेक रुग्णालयांत मिळून केलेल्या चाचणीत, दोन आठवड्यांच्या उपचारानंतर रोग्यांचे चालण्याचे अंतर आणि दमाची पायरी सुधारली. परंतु हृदयावरील ताण दाखविणारा रक्तातील जो घटक मुख्य कसोटी म्हणून ठरविला होता, त्यात दोन गटांमध्ये निर्णायक फरक दिसला नाही. तेव्हा लाभ आहे, पण मर्यादित आहे.

पंधरा मिनिटे धग आणि त्याच्या दुप्पट विश्रांती. आधी तोलणे, मागून पाणी देणे, शेजारी परिचारिका. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस स्वेदाध्यायातील मुहूर्तभर थांबणे आठवले. दोन हजार वर्षांचे अंतर आणि दोन देश, तरी दोघांचेही लक्ष किरणापेक्षा माणसावर अधिक.

विक्रीच्या पेटीत नेमके हेच गळते. पत्रकात लिहिलेले असते, की हे किरण शरीरात खोलवर शिरून विषद्रव्ये घामावाटे बाहेर काढतात. यातील पहिला भाग अतिशयोक्तीचा आहे. या पेट्यांतील दूर-अवरक्त किरण त्वचेच्या मिलिमीटरभराच्याही आतच शोषले जातात आणि पुढे ऊब पोहोचते ती रक्ताच्या अभिसरणाने, म्हणजे जशी शेकाच्या पुरचुंडीने पोहोचते तशीच. दुसरा भाग त्याहून सैल. घाम म्हणजे जवळजवळ सारे पाणी आणि थोडे मीठ. शरीरातील टाकाऊ द्रव्यांचा निचरा यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घामाचे काम अंग निवविण्याचे. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा आणि कर्करोगसुद्धा यांवर गुण येतो असे सूचित करणारी पत्रकेही हाती पडतात. औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा १९५४ सालचा आहे आणि हे चारही विकार त्याच्या अनुसूचीत आहेत. कायदा आहे, तो वाचणारा पाहिजे.

आमच्या परिचयाच्या एका सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांच्या घरी अशी पेटी आली. रक्तदाबाची आणि लघवी वाढविणारी अशा दोन्ही गोळ्या त्यांना चालू होत्या. गुडघ्यांना बरे वाटते म्हणून पंधरा मिनिटांची तीस झाली. एका दुपारी जेवणाआधी, घरात कोणी जवळ नसताना, ते आतून उठले आणि दारातच कोसळले. कपाळाला टाके पडले, एवढ्यावर निभावले. झाले ते समजण्यास कठीण नाही. उष्णतेने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, घामाने अंगातील पाणी कमी होते, गोळ्यांनी दाब आधीच उतरलेला असतो. त्यात एकदम उभे राहिले की मेंदूकडे रक्त कमी पडते. वयपरत्वे तहानही उशिरा लागते. मधुमेहाने पायांची संवेदना मंदावलेल्यास चटका कळत नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, छातीत वारंवार कळ येणारा, हृदयाची महाधमनीची झडप फार आवळलेला, ज्वर असलेला किंवा मद्य घेतलेला, यांनी त्या वाटेला जाऊ नये असे आजचे वैद्यकही सांगते. चरकाचार्यांच्या यादीशी ही यादी ताडून पाहण्यासारखी आहे. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी ती टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. आखडलेल्या अंगाला उबेने बरे वाटते, हे कोण नाकारील? मात्र आपल्या गोळ्यांची यादी घेऊन एकदा डॉक्टरांना भेटावे, दार आतून लावू नये, आणि हाकेच्या अंतरावर कोणीतरी असावे.

याच किरणांचा एक उपयोग मात्र आज आपल्या जिल्हा रुग्णालयांतून रोज होत असतो आणि त्याचे पत्रक कोणी वाटीत नाही. अपुऱ्या दिवसांचे किंवा अंग गार पडलेले नवजात बालक ज्या उघड्या पाळण्यात ठेवतात, त्यावर अवरक्त उष्णता देणारी कांडी बसविलेली असते. त्याला 'रेडियंट वॉर्मर' म्हणतात. बाळाच्या पोटावर एक लहानसा तापमापक चिकटविलेला असतो. त्वचेचे तापमान साडेछत्तीस अंशांच्या आसपास राहील अशा बेताने कांडीची धग आपोआप कमीअधिक होते. तापमापक सुटला किंवा ऊब वाढली तर घंटा वाजते, आणि पाळण्याशी बसलेली परिचारिका उठून आधी बाळाच्या पायाला हात लावून पाहते.